पाचवं कारण

९ जानेवारी

ताई,

तुझं पत्र मिळालं. पाकिटावरचं अक्षर पाहून आधी वाटलं, कोणीतरी गेलं. आपल्याकडे पत्र येतं ते असल्याच कामाला. वाचलं, तर कोणी गेलेलं नाही. तू नुसती चौकशी केली आहेस. बाबा गेले तेव्हा तू आली नाहीस. त्यानंतर इतक्या वर्षांत चिठ्ठी नाही की चपाटी नाही. आणि आता एकदम, कशी आहेस, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काय चाललंय, शेजारी कोण बसतं, नव्या बायका घेतात का, वरची बाई स्वभावाने कशी आहे.

मी पत्र टेबलावर ठेवलं आणि यांना विचारलं, "हे ताईचं आहे की भावजींचं?"

हे वह्या तपासत होते. म्हणाले, "अक्षर तर तुझ्या बहिणीचं दिसतंय."

"अक्षर नाही विचारलं. प्रश्न कोणाचे आहेत?"

त्यांनी चष्मा काढला, म्हणजे आता समजूत घालणार. मी उठून चहा टाकला.

तूच सांग, मी दुसरं काय समजायचं? भावजी गृहखात्यात एवढ्या मोठ्या खुर्चीवर. बंदरावरच्या संपानंतर बाबांना क्रेनवरून उतरवलं, त्या हुकमावर सही त्यांची होती. सासऱ्याच्या पोटावर पाय देताना त्यांचा हात कापला नाही. तू त्या घरात आहेस, त्या घरचा पत्ता घालून लिहितेस, आणि विचारतेस माझ्या शेजारी कोण बसतं.

बरं, सांगते. माझ्या डावीकडे एक बाई बसते, उजवीकडे एक बाई बसते. दिवा लागला की कॉर्ड उचलायची, भोकात खुपसायची, "नंबर?" विचारायचं. संध्याकाळपर्यंत खांदे भरून येतात. वरच्या बाईचा स्वभाव वरच्या बायांचा असतो तसाच आहे. झालं समाधान?

भावजींना नमस्कार सांग. त्यांनी हे आधीच वाचलं असेल तर सांगायची गरज नाही.

धाकटी

२ फेब्रुवारी

ताई,

पुन्हा तेच प्रश्न. या वेळी वर एक नवीन, "वयाची अट असते का गं?" मला तुझ्या या चिकाटीचं नवल वाटतं. लहानपणी तू भरतकामसुद्धा अर्धवट टाकायचीस.

तुझ्या पाकिटाची कड दोनदा चिकटवलेली आहे. आधीचा डिंक पिवळा, नंतरचा पांढरा. आमच्याकडे आता हे सगळेच बघायला शिकलेत. पाववाल्यापुढच्या रांगेत बायका पाव किती महाग झाला हे बोलत नाहीत, पाकिटं कशी दिसतात ते बोलतात.

तुझ्यापासून लपवण्यासारखं काही नाही, म्हणून लिहिते. आमच्या इमारतीमागच्या मैदानात नवी इमारत उभी राहिली आहे. खिडक्या नाहीत. आत यंत्र बसवतायत. त्या यंत्राला कॉर्ड नको, बाई नको. माणसाने घरी बसून आकडे फिरवले की फोन आपोआप लागतो म्हणे. आमच्यापैकी किती जणी ठेवणार, हे विचारलं की साहेब हवामानाबद्दल बोलतात.

आमच्या वरच्या बाईंना आम्ही 'कप्तान' म्हणतो. बोर्डच्या मागून त्या अशा चालतात की जहाज त्यांच्याच मालकीचं आहे. गेल्या आठवड्यात त्या माझ्यामागे थांबल्या आणि पुटपुटल्या, "यंत्र आलं की आपण सगळ्या घरी. विणकाम शिकून ठेवा." त्यानंतर जेवणाच्या सुट्टीत आम्ही काही जणी विणकामाला बसतो. मी अजून सुई धरलेली नाही.

एक नवीन मुलगी आली आहे, तिला चिमणी म्हणतात, कारण तोंड मिटत नाही. ती सगळं विचारते. कोण कुठे राहतं, कोणाचा नवरा काय करतो. इतकं विचारणारी माणसं एकतर भोळी असतात, नाहीतर पगारी. मी तिच्याशी फक्त हवामानाबद्दल बोलते.

यांचं म्हणशील तर शाळेत इतिहासच शिकवतात अजून. जग बदलतं ते कशामुळे, हा यंदाचा धडा. यांनी फळ्यावर लिहिलं, यंत्र, भूक, युद्धावरून परतलेले शिपाई, छापील शब्द, आणि माणसांच्या डोक्यात शिरलेली एखादी कल्पना. तेवढ्यात तपासनीस आले. त्यांनी बराच वेळ फळ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "भूक पुसा." यांनी पुसली. घरी येऊन जेवले नाहीत.

हेही भावजींना वाचून दाखव. भूक पुसल्याचं ऐकून त्यांना बरं वाटेल.

धाकटी

२१ फेब्रुवारी

ताई,

तुझ्यावर विश्वास असता तर हे पत्र वेगळं झालं असतं.

आमच्यातल्या एकीला परवा उचललं. ती मधल्या बोर्डवर बसायची म्हणून तिला 'मधली' म्हणत असू. घरून चालत येत होती, गाडी थांबली, दार उघडलं, गेली. विणकामाच्या मंडळाची हजेरी तिच्याकडे असायची. ती आता नाही, आणि तिच्या खुर्चीवर चिमणी बसली आहे.

साहजिकच सगळ्यांनी चिमणीकडे बघायला सुरुवात केली. मीसुद्धा. काल जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन नेहमीच्या बाकावर गेले तर शेजारची उठली. तिच्या शेजारची उठली. मी एकटीच उरले. मग कप्तानांनी मला जिन्यात गाठलं.

"तुझी सख्खी बहीण गृहखात्यातल्या अधिकाऱ्याच्या घरात आहे. खरं का?"

"खरं."

"इतकी वर्षं बोलली नाहीस."

"इतकी वर्षं आमचं बोलणंच नव्हतं. सांगायचं काय?"

"आणि आता?"

मी खरं तेच सांगितलं. आता पत्रं येतात.

ताई, त्यांचा चेहरा तू बघायला हवा होतास. मी सगळ्यांकडे जसं बघते तसंच त्या माझ्याकडे बघत होत्या. मला राग आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही तो बाक सोडला असता.

मग घरी आल्यावर विचार करत बसले. माझी बहीण कोण हे एक्स्चेंजमध्ये कोणालाच माहीत नव्हतं. माहीत होतं फक्त यांना आणि तुला. यांना मी विचारलंही. जेवताना सरळ विचारलं, "तुम्ही कुठे बोललात का?" त्यांनी चमचा खाली ठेवला. म्हणाले, "तू मला विचारतेस हे?" आणि उरलेलं जेवण आम्ही दोघांनी भिंतीकडे बघत संपवलं.

तर ताई, यांना वगळलं की एकच उरतं.

धाकटी

४ मार्च

ताई,

मागच्या पत्रात फार बोलले, मनावर घेऊ नकोस. डोकं ठिकाणावर नव्हतं. बहिणीशी नाही बोलायचं तर कोणाशी बोलायचं.

तू विचारत होतीस ना, आम्ही बायका कुठे भेटतो. येत्या रविवारी सकाळी जुन्या रंगारी कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये भेटणार आहोत. बाहेरच्याही काही जणी येणार आहेत, बंदरावरची माणसंही. मला भीती वाटते, पण गेले नाही तर सगळ्या मला पुन्हा वाळीत टाकतील. हे तुझ्यापुरतंच ठेव.

तुझी धाकटी

१२ मार्च (हे टाकणार नाही)

ताई,

तुला लिहायची सवय लागली आहे, म्हणून लिहिते. पण हे पत्र माझ्या शिवणाच्या डब्यात राहील.

रविवारी शेडमध्ये कोणीही जाणार नव्हतं. सभा मी मनाने रचली होती. रचताना यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "नको करूस. ती बहीण आहे तुझी. खोटं ठरलं तर काय मिळवलंस, आणि खरं ठरलं तर काय उरलं?" मला त्या क्षणी यांचासुद्धा संशय आला, की अडवतायत का. मी किती खाली गेले आहे ते बघ.

समोर शिंप्याचं दुकान आहे. मी ओळखीने आत बसले, मांडीवर एक कोट घेऊन, जणू काज करायला बसले आहे. उन्हं वर आली आणि दोन झाकलेले ट्रक आले. शिपाई उतरले. शेडचं दार लाथेने पाडलं. आतली रंगाची जुनी पिंपं एकेक करून आडवी केली. एका पिंपात काहीतरी शिल्लक असावं, कारण एक शिपाई गुडघ्यापर्यंत जांभळा होऊन बाहेर आला आणि शिव्या देत ट्रकमध्ये चढला. शिंपी हसला. मला हसू आलं नाही.

वाटलं होतं की रडू येईल. तेही आलं नाही. बरं वाटलं, ताई. मला वेड लागलेलं नाही, एवढंच कळलं आणि पाठ सरळ झाली.

सोमवारी मी कप्तानांना सांगितलं. त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं, मध्ये मध्ये अडवून, पोलीस करतात तसं. मग म्हणाल्या, "म्हणजे आपल्याकडून सरकारच्या कानापर्यंत एक सरळ रस्ता जातो."

"जातो."

"मग त्या रस्त्यावरून आपल्याला हवं तेच पाठवू."

आज बायका माझ्या बाकावर परत आल्या. एकीने तिच्या डब्यातले बटाटे मला वाढले. मी ते सगळे संपवले.

आणि आज संध्याकाळी तुझं पत्र. "बरेच दिवस तुझं काहीच नाही. मागच्या पत्रातलं अर्धंच मला कळलं. रागावलीस का? तुझ्या पत्राची वाट बघते, दुसरं कोणी नाही मला." वाचून मी यांच्यापुढे टाकलं. म्हटलं, बघा, ट्रक पाठवून वर विचारते पत्र का नाही. हे बराच वेळ वाचत राहिले. म्हणाले, "मला हे नाटक वाटत नाही." मी म्हटलं, तुम्हाला माझ्या घरची माणसं माहीत नाहीत.

२३ मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं. रागावले नाही गं, कामाचा ताण आहे.

येत्या सोमवारी दुपारी आम्ही सगळ्या एकदम बोर्ड सोडून निघणार, आणि मोठ्या चौकात जमणार. सगळ्या पाळ्यांच्या बायका. गिरणीतल्याही येतील असं म्हणतात. सकाळी मात्र नेहमीसारखं काम चालू ठेवायचं आहे, म्हणजे साहेबांना संशय यायला नको. तू त्या दिवशी घराबाहेर पडू नकोस. काही झालं तर भावजींनी बाबांसारखं मला वाऱ्यावर सोडू नये एवढं बघ.

तुझी धाकटी

६ एप्रिल (हेही टाकत नाही. टाकायचं कुठे?)

ताई,

सोमवारी दुपारी आम्ही चौकात गेलो नाही. पहाटेची पाळी आत आली तेव्हा रात्रीच्या पाळीने जायचं नाकारलं. कप्तानांनी आतून दारं लावली आणि दारांना कपाटं लावली. मग आम्ही बोर्डसमोर बसलो, आणि ज्या भोकांतून मंत्रालयाच्या, छावण्यांच्या, पोलीस ठाण्यांच्या तारा जातात त्यांतल्या कॉर्ड एकेक करून काढल्या. लोकांचे फोन चालू ठेवले. डॉक्टर, बेकरी, अग्निशमन, सगळे. सरकारचे तेवढे बंद.

दिवे लागत राहिले. छावणीचा दिवा, मंत्रालयाचा दिवा. चिमणी माझ्याशेजारी हात मांडीवर ठेवून बसली होती आणि दिवा लागला की सवयीने तिचा हात वर जायचा. दर वेळी ती तो परत खाली आणायची. त्या दिवशी मला कळलं की ही मुलगी भोळी आहे, बाकी काही नाही. तिला इतके महिने मी हवामान सांगत होते.

बाहेर काय झालं ते नंतर कळलं. आमच्यासाठी शहरातले होते नव्हते तेवढे पोलीस मोठ्या चौकात उभे केले होते, रिकाम्या चौकाभोवती कडं करून. ते कशासाठी उभे आहेत हे बघायला लोक थांबले. त्यांना बघून आणखी थांबले. पावाच्या रांगा तिकडे वळल्या. बंदरावरची पाळी सुटली ती तिकडेच गेली. लढाईवरून परतलेले, पेन्शन न मिळालेले शिपाई आले. दुपारपर्यंत जी गर्दी झाली ती कोणी बोलावलीच नव्हती. पोलिसांनी कुमक मागायला फोन उचलला, आणि फोनमध्ये कोणी नव्हतं. छावणीतल्या मोठ्या साहेबाला हुकूम पोचला नाही, आणि हुकमाशिवाय गोळी चालवायची की नाही हे ठरवण्यात त्याने दिवस घालवला. दुसऱ्या दिवशी त्याचे शिपाईच गर्दीत मिसळले. आठवडा संपायच्या आत सरकार पडलं.

आता जो भेटतो तो म्हणतो, माझ्यामुळे पडलं. बंदरवाले म्हणतात आमच्यामुळे. बेकरीवाला म्हणतो, मी पीठ बाजूला ठेवलं होतं म्हणून. हे म्हणतात, पडायलाच आलं होतं. मी काही म्हणत नाही. मला माहीत आहे की पोलीस त्या चौकात का होते.

मधली सुटली. तिचे केस पांढरे झाले आहेत. भावजी सरहद्द ओलांडून पळाले असं पेपरात आलं. तुझं नाव कुठेच नाही. त्यांच्याबरोबर गेली असशील. तिकडे तुला चांगलं घर मिळो.

१७ जून

ताई,

या पत्त्यावर तुला पत्र मिळतं असं कळलं, म्हणून लिहिते.

परवा नव्या समितीचा एक माणूस एक्स्चेंजमध्ये आला. तरुण, नीट बोलणारा, बूट मात्र जुन्या खात्याचे. तू कैदेत आहेस हे मला त्याच्याकडून समजलं. म्हणाला, "जुन्या सरकारने तिला शेवटच्या आठवड्यात धरलं होतं. आम्ही आलो तेव्हा ती आतच होती. नवरा कुठे आहे ते सांगत नाही, माहीत नाही म्हणते. सोडावं का, तुम्ही बहीण आहात म्हणून विचारतो."

मी विचारलं, जुन्या सरकारने तिला कशाला धरलं असेल?

तो म्हणाला, "तेच आम्हाला कळत नाही. तिला आमच्यात पेरून ठेवायला केलेलं नाटकही असू शकतं."

मलाही तसंच वाटलं. मी सांगितलं, "सख्खी बहीण आहे म्हणूनच सांगते, विश्वास ठेवू नका." त्याने ते लिहून घेतलं.

हे तुला दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळू नये म्हणून कळवते आहे. बाबांना तेवढंही समोरून कोणी सांगितलं नव्हतं.

धाकटी

३ सप्टेंबर

ताई,

हे पत्र तुला देतील की नाही माहीत नाही. मी स्वतः फाटकावर नेऊन देणार आहे. उघडंच देईन, म्हणजे त्यांचा वाफेचा खर्च वाचेल. सरकार बदललं, टपाल उघडणारी किटली तीच आहे.

काल एक बाई मला शोधत एक्स्चेंजमध्ये आली. उंच, हातांना साबणाने भेगा पडलेल्या. म्हणाली, धुलाईचं दुकान आहे, वर एक खोली भाड्याने देते. मग म्हणाली, "तुमची बहीण दोन वर्षं माझ्याकडे राहत होती."

मी म्हटलं, तुमची काहीतरी चूक होतेय. माझी बहीण नवऱ्याच्या घरी होती, बागेच्या रस्त्यावरच्या बंगल्यात.

तिने मान हलवली. "ते घर तिने सोडलं होतं. माझ्याकडे इस्त्री करायची. भाडं त्यातून वळतं व्हायचं. तुमची पत्रं त्या जुन्या पत्त्यावर यायची, ती दर आठवड्याला तिथे फाटकावर जाऊन मागून आणायची. उघडलेली मिळायची. कधी त्यातला एखादा कागद कमीच असायचा. मग मार्चपासून मिळेनाशीच झाली. फाटकावरचा माणूस म्हणायचा, काही आलं नाही. ही रडायची, धाकटी पुन्हा रागावली म्हणून."

"मला नवा पत्ता का दिला नाही?"

"मीही विचारलं होतं. म्हणाली, तिला कळलं तर म्हणेल, बाबांसाठी ते घर सोडलं नाहीस, आता स्वतःसाठी सोडलंस. आधी कुठे नोकरी लागू दे, मग ताठ मानेने सांगेन. तुमच्याच एक्स्चेंजमध्ये लागावं असं फार होतं तिच्या मनात. वय जास्त आहे म्हणून घाबरायची."

ताई, मी तिथेच पायरीवर बसले.

पुढचंही तिनेच सांगितलं. त्या सोमवारी पोलीस चुकीच्या ठिकाणी उभे राहिले, तेव्हा भावजींच्या वरिष्ठांनी विचारलं, ही बातमी आणली कोणी. भावजींनी तुझं नाव सांगितलं. माझी बायको संपवाल्यांना मिळाली, तिने मला फसवलं, असं. त्याच संध्याकाळी शिपायांनी तुला इस्त्रीच्या टेबलावरून उठवून नेलं. धुलाईवाली म्हणाली, तू त्यांना परत परत विचारत होतीस, कसली बातमी.

माझी सही भावजींच्या सहीसारखीच निघाली, ताई. कागदावर नव्हती एवढंच. जुन्या सरकारने तुला माझी बहीण म्हणून धरलं, नव्याने त्यांची बायको म्हणून ठेवलं, आणि दोन्ही वेळा साक्ष माझी होती.

मी तडक कप्तानांकडे गेले. त्या आता मंत्रालयात बसतात, दाराबाहेर शिपाई असतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "जूनमध्ये तूच सांगितलंस, विश्वास ठेवू नका."

"आता वेगळं सांगतेय."

"तेच तर. जूनमधली खरी की सप्टेंबरमधली, हे मी कसं ठरवू? नवरा पळालाय. तू आता तिला सोडवायला बघतेस. आमच्या जागेवरून ते कसं दिसतं?"

त्या मला ओळखतात, ताई. कपाटं आम्ही दोघींनी मिळून ढकलली होती. तरी त्यांच्या चेहऱ्यावर तो जिन्यातला चेहरा परत आलेला होता. मी म्हटलं, मी लेखी देते. धुलाईवाली देईल. शेजारपाजारचे देतील. त्या म्हणाल्या, द्या, बघू.

मी रोज जाईन. तुला काही सांगायचं असेल तर फाटकावर सांग. नसेल सांगायचं तरी मी येईन.

धाकटी

१९ नोव्हेंबर

ताई,

तू पलीकडच्या खोलीत आहेस. दार लोटलेलं आहे. मी स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून लिहिते आहे, कारण तोंडाने बोलायला गेले की तू खिडकीकडे बघतेस, आणि मी भाजीबद्दल बोलू लागते.

शेवटी त्या लेखी साक्षींवर त्यांनी सोडलं, आणि तुला इथे आणून तीन आठवडे झाले. तू यांच्याशी बोलतेस. धुलाईवाली आली की तिच्याशी बोलतेस, परवा तर हसलीससुद्धा. मी चहा आणला की कप हातात धरून ठेवतेस आणि मी गेल्यावर पितेस. माझ्यासमोर तू कुठलाच प्रश्न विचारत नाहीस. तुझी चूक नाही. प्रश्न विचारल्याचं काय होतं ते मी तुला दाखवलेलं आहे.

आज दुपारी जेवताना काय झालं ते लिहिते, म्हणजे माझ्या मनात ते वेगळं होऊन बसायला नको.

नव्या सरकारने यांना पुस्तकातला नवा धडा लिहायला सांगितलाय. यंदाच्या बदलाची कारणं. भूक घालायला परवानगी आहे. यांनी कच्चा मजकूर तुला वाचायला दिला होता, तुझं मत हवं म्हणून. तू जेवताना तो बाजूला ठेवून यांना विचारलंस, "भूक आहे, नवी यंत्रं आहेत, बेकार शिपाई आहेत, बंदराचा संप आहे. पाचवं कारण दिलंय, 'सरकारला मिळालेली चुकीची माहिती'. हे कोणाबद्दल आहे?"

हे गोंधळले. म्हणाले, "ते... एकूण यंत्रणेबद्दल आहे."

तू म्हणालीस, "म्हणजे मी आहे."

मग तू माझ्याकडे बघितलंस. आल्यापासून पहिल्यांदा. "एक विचारू? तुला आधीच कळलं असतं, की मी ते घर सोडलंय, तुझी पत्रं तोच वाचतोय आणि मला काहीच माहीत नाही. तरी ते सोमवारचं पत्र लिहिलं असतंस?"

मी उठले आणि दूध बघायला गेले. दूध गॅसवर नव्हतंच. तू ते बघितलंस. ताट उचललंस आणि आत गेलीस.

त्यानंतर हे मला समजवायला आले. म्हणाले, "असं काही एका पत्राने होत नाही. सगळंच टोकाला आलं होतं. तू लिहिलं नसतंस तरी ते सरकार पडलंच असतं, उन्हाळ्यापर्यंत नक्की." मला बरं वाटावं म्हणून म्हणाले. पण मी विचार केला, की हे खरं असेल तर ताईने इतके महिने भोगलं ते फुकटच. आणि खरं नसेल, पत्रामुळेच पडलं असेल, तर मग ते मी ताईला देऊन विकत घेतलं. यांच्या धड्यात दोन्ही गोष्टी एका ओळीत बसतात. माझ्या घरात बसत नाहीत.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी दिवसभर इकडून तिकडून शोधलं. आधी म्हटलं, कळलं असतं तर लिहिलं नसतं. मग म्हटलं, लिहिलं असतं, पण आधी तुला धुलाईवालीकडून हलवलं असतं, माझ्याकडे आणलं असतं. हे उत्तर मला फार आवडलं. भाजी चिरताना मी ते दोन-तीनदा मनात म्हणूनही बघितलं. पण ते खोटं आहे. तुला हलवलं असतं तर त्यांना संशय आला असता, आणि पत्रावर त्यांनी विश्वास ठेवला नसता. त्या पत्राला वजन होतं ते तू दर आठवड्याला त्या फाटकावर पत्रं मागायला जात होतीस म्हणूनच. मला बाबांच्या क्रेनची आठवण होती, मधलीची रिकामी खुर्ची समोर होती. नव्या इमारतीतलं यंत्र सुरू होणार होतं, आणि ते पुढे नव्या सरकारनेही सुरू केलंच, आमच्यातल्या निम्म्या जणी आज घरीच आहेत. तेव्हा ते माहीत नव्हतं. तेव्हा वाटत होतं, हा एकच सोमवार आहे.

म्हणून उत्तर हो असं आहे. कळलं असतं तरी लिहिलं असतं. तुझं नाव त्यात जाईल हे समजून लिहिलं असतं आणि आयुष्यभर तुझ्यापुढे मान वर केली नसती.

हे वाचून तुला जायचं असेल तर धुलाईवालीची खोली रिकामी आहे, मी विचारून ठेवलंय. राहायचं असेल तर माझ्याशी बोलू नकोस, पण चहा गार होऊ देऊ नकोस. आणि यांच्या धड्यातून पाचवं कारण काढायचं नाही, असं मी यांना सांगणार आहे. तिथे कोणाचंही नाव नसलं तरी...

आत खुर्ची सरकली. तू उठलीस वाटतं.

पत्र इथेच ठेवते, ताई. तू दारात आलीस तर तोंडानेच सांगेन.